क्रूझच्या गॅलरीतली काजळी: तुमचे अनुभव सांगा

नागपूरहून समुद्र गाठायचा तर कुठल्याही दिशेला रात्रभर गाडीत बसावं लागतं. तरी हल्ली आपल्याकडच्या प्रत्येक भिशीत आणि प्रत्येक ज्येष्ठ नागरिक मंडळात कुणी ना कुणी क्रूझ करून आलेलं असतंच. फोटोत गॅलरी, गॅलरीत पांढरी खुर्ची, मागे निळं पाणी. त्या खुर्चीत टेकून बसल्यावर पाठीला काय लागतं ते फोटोत येत नाही. माझ्या नणंदेच्या कुर्त्याला लागलं: काळे ठिपके, बोट फिरवलं की लांब रेघ होणारे. घरी त्यावर इतका खल झाला की शेवटी म्हटलं, इथे विचारू.

जहाजाच्या इंजिनाची काजळी तुमच्या गॅलरीत आली होती का? खोली कुठल्या भागात होती? कपडे, खुर्च्या, रेलिंग कसं साफ केलं? सांगितल्यावर जहाजावरच्या लोकांनी काय केलं? जहाजच पाहिजे असं नाही, रेल्वे, जनरेटर, काहीही चालेल. फक्त कंपन्यांची नावं लिहू नका. मग भांडण तिकडे वळतं आणि काजळी राहून जाते.

धंतोलीहून

आमची खोली अगदी मागच्या टोकाला होती. ह्यांचाच हट्ट. मागे जहाजाची फेसाळ वाट दिसते म्हणे. दिसते, खरंच फार सुंदर दिसते. मुंबईला बॅलार्ड पिअरवरून चढलो, संध्याकाळ छान गेली. सकाळी गॅलरीचं दार उघडलं तर टेबलावर, खुर्च्यांवर, रेलिंगवर काळे तीळ सांडल्यासारखं झालेलं. ह्यांनी लगेच बाथरूममधला टॉवेल ओला केला आणि पुसायला घेतलं. पाच मिनिटांत पांढरं टेबल करडं, टॉवेल काळा, आणि ह्यांचे अनवाणी पाय खोलीतल्या गालिच्यावर उमटलेले.

केबिन बघणारा मुलगा गोव्याकडचा होता. तो आला, हसला नाही, एवढं मात्र म्हणाला, "काकी, आधी पाणी नाही लावायचं." कोरड्या मऊ ब्रशने त्याने सगळं सुपलीत ओढून घेतलं, मग साबणाच्या पाण्याचं फडकं मारलं, मग साधं. ओरखडासुद्धा राहिला नाही. रात्री ओले कपडे आणि पोहण्याचे टॉवेल रेलिंगवर टाकू नका, असंही सांगून गेला. माझी ओढणी खराब झाली होती ती रिसेप्शनवर दाखवली. त्यांनी काही वाद न घालता फुकट धुऊन दिली. न मागता देत नाहीत, मागितलं की देतात, असं माझं मत झालं.

मनीषनगरहून, निवृत्त मरीन इंजिनीअर

त्या मुलाने ताईंना अगदी बरोबर सांगितलं. आता ही काजळी येते कुठून ते सांगतो, कारण लोकांना वाटतं जहाज जुनाट होतं नाहीतर कुणीतरी कामचुकारपणा केला. नेहमी तसं नसतं.

आजच्या बहुतेक मोठ्या क्रूझ जहाजांत इंजिनं जहाज ढकलणारा पाण्यातला पंखा थेट फिरवत नाहीत. ती वीज तयार करतात, आणि त्या विजेवर पंख्याच्या मोटरी, एसी, स्वयंपाकघर, सगळं चालतं. अशी चार ते सहा इंजिनं असतात, लागतील तशी चालू-बंद करतात. बंदरातून निघताना थंड इंजिन सुरू झालं किंवा लोड एकदम वाढला की तेल अर्धवट जळतं आणि धुराड्यातून काळा भपका निघतो. हा झाला एक प्रकार. गॅलरीत जे मोठे, बोटाखाली चुरडणारे तुकडे पडतात ते बहुधा दुसऱ्या वाटेने येतात.

इंजिनातून बाहेर पडणारा वायू तीनशे अंशांच्या वर तापलेला असतो. ती उष्णता वाया जाऊ नये म्हणून धुराड्याच्या वाटेवरच एक बॉयलर बसवतात. त्यातली वाफ लॉन्ड्रीला, गरम पाण्याला आणि जड तेल तापवून पातळ करायला लागते. या बॉयलरच्या नळ्यांवर काजळीचा थर चढतो. तो राहू दिला तर उष्णता नीट मिळत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे तो थर पेटू शकतो. धुराड्यातली आग कुठल्याच इंजिनीअरला बघायची नसते. म्हणून वाफेचा किंवा दाबाच्या हवेचा फवारा मारून नळ्या झटकाव्या लागतात. याला सूट ब्लोइंग म्हणतात. झटकलेली काजळी धुराड्यातून वर जाते आणि पुढचं सगळं वाऱ्याच्या हाती.

आम्ही हे काम खुल्या समुद्रात, शक्यतो रात्री करायचो, आणि आधी ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत, फोन करायचो. वारा आडवा असेल तर परवानगी मिळायची, काजळी एका बाजूने पाण्यावर जायची. वारा मागून असेल तर "थांबा". कधी कप्तान तेवढ्यापुरता जहाजाचा रोख थोडा वळवून द्यायचा. त्यातली गंमत बघा. जहाज १८ नॉटने, म्हणजे ताशी सुमारे ३३ किलोमीटरने चाललंय आणि मागून वाराही तेवढाच. डेकवरच्या माणसाला हवा पार पडलेली वाटते. धूर मागे जातच नाही, वर जाऊन तिथल्या तिथे खाली उतरतो. प्रवासी म्हणतात, काय शांत सकाळ आहे! आणि खाली आम्ही कपाळाला हात लावलेला असतो.

बऱ्याच जहाजांचं धुराडं मधल्या भागाच्या मागे असतं. त्यामुळे प्रसाद मिळतो तो मागच्या गॅलऱ्यांना.

खामल्याहून

आम्हाला एक कणसुद्धा दिसला नाही. खोली पुढच्या बाजूला होती. मात्र तिकडे वारा इतका की चहाचा कप घेऊन बसणं अशक्य, पुस्तकाचं पान धरून ठेवावं लागायचं. तेव्हा पुढच्यांनी फार ऐटीत राहू नये.

इतवारीहून

पोरांनो, तुम्ही काजळी पाह्यलीच नाही. आमची नागपूर-छिंदवाडा छोटी लाइन कोळशावर धावत होती तेव्हा खिडकीत बसणारा माणूस उतरताना वळखू येत नव्हता. माझे वडील लग्नाला जाताना पांढरं धोतर पिशवीत ठेवत आणि उतरल्यावर नेसत. इंजिनाच्या मागच्या दोन डब्यांत कोणी शहाणा माणूस बसत नसे. जळती ठिणगी आली तर सदऱ्याला भोक पडून जाय. वळणावर गाडी वळली की कोणत्या बाजूने धूर येऊन राहिला ते पाहून बाया खिडक्या पाडत.

डोळ्यात कण गेला तर चोळू देत नसत. पापणी धरून डोळा मिचकवायचा, पाणी आलं की कण आपोआप कोपऱ्यात येतो. नाहीच आला तर ओंजळीत स्वच्छ पाणी घेऊन त्यात डोळा उघडायचा. जहाजावरही हेच करा, अन् तरी टोचून राहिलं तर डॉक्टर असतोच तिथे. मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये ती इंजिनं उभी आहेत. नातवाला दाखवली तर तो म्हणे, आबा, किती स्वच्छ आहेत! काय सांगावं आता त्याले.

सक्करदऱ्याहून

आमचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, त्यामुळे कपड्यांपुरतं बोलते. काजळी दोन गोष्टींची असते: बारीक कार्बन आणि त्याला चिकटलेलं तेल. कार्बन पाण्यात विरघळत नाही, म्हणून ओल्या फडक्याने चोळलं की तो धाग्यात खोल बसतो. कपडा बाहेर नेऊन आधी हलकेच झटकायचा. (जहाजावर रेलिंगबाहेर झटकू नका, खालच्या गॅलरीत कुणीतरी बसलेलं असतं.) मग डागावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरायचं, ते तेल ओढून घेतं. पंधरा-वीस मिनिटांनी मऊ ब्रशने झाडायचं. त्यानंतर भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब, बोटाने टिपत टिपत, चोळत नाही, आणि थंड किंवा कोमट पाण्याने खळबळायचं. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री नाही, उन्हात वाळवणं नाही.

कधी ठिपक्याच्या जागी पिवळट, जळल्यासारखा डाग येतो, नायलॉनवर तर बारीक भोकही पडतं. तसा कपडा ग्राहकाला आधीच सांगून घ्यावा लागतो, कारण तो डाग कशानेच जात नाही. असं का होतं ते इंजिनीअर काका सांगतील.

मनीषनगरहून, पुन्हा

ताई, तो आम्लाचा प्रताप. तेलात गंधक असतं. ते जळून धुराड्याच्या थंड भागात दमटपणाशी मिळतं, सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि काजळीचे तुकडे ते शोषून घेतात. जहाजाचा रंगसुद्धा त्याने खराब होतो. म्हणून खलाशी रेलिंगवरची काजळी फार वेळ बसू देत नाहीत, सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, सकाळीच होज घेऊन माणसं कामाला लावतो.

१ जानेवारी २०२० पासून जगभर जहाजांच्या तेलातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणली. पण लोक इथे एक घोळ करतात. गंधक कमी झालं म्हणजे काजळी बंद झाली असं नव्हे. काजळी अर्धवट ज्वलनातून येते, गंधक तेलातून येतं. नव्या नियमाने आम्ल कमी झालं, ठिपके संपले नाहीत. शिवाय स्क्रबर बसवलेल्या जहाजांना जास्त गंधकाचं जड तेल वापरता येतं. स्क्रबरमध्ये धुरावर पाण्याचे फवारे मारून गंधक काढून घेतात. अशा जहाजाच्या धुराड्यावर जाड पांढरा ढग दिसतो, तो मुख्यतः वाफेचा. थंड झालेला धूर फार उंच जात नाही, त्यामुळे कधीकधी गॅलरीत ओलसर, मळकट थेंब पडतात ते याचे. काजळी जवळपास नकोच असेल तर एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर, चालणारी जहाजं आहेत. २०१८ साली आलेलं आयडानोवा हे त्यातलं पहिलं क्रूझ जहाज.

उत्तर नागपूरहून

काका, आमच्या गच्चीवर उन्हाळ्यात कुरडया टाकल्या की त्यावर करडी पूड बसते. आजूबाजूला कोळशाची विजेची केंद्रं आहेत, विटांच्या भट्ट्या आहेत, रस्त्याची धूळ आहे, नेमकं कोणाचं ते आम्ही ठरवत बसत नाही. ही पण काजळीच ना?

मनीषनगरहून

बोटात घेऊन पाहा. करडी आणि खरखरीत असेल तर राख किंवा धूळ, ती खनिज असते, कार्बन त्यात थोडाच. आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण मुळातच जास्त, साधारण तीस ते पंचेचाळीस टक्के. काळी, हलकी आणि बोटाला तेलकट लागली तर काजळी. राख पाण्याने निघते, फक्त थर ओला होऊन वाळू देऊ नका, घट्ट बसतो. कुरडयांवर मात्र मलमलचं कापड टाका, त्याला पर्याय नाही.

वर्धा रोडहून

मुलगी सिअॅटलला असते, तिने अलास्काला नेलं. तिथे गॅलरी स्वच्छ होती, म्हणजे थंडीमुळे बसलो कमी, पण जितकं बसलो तितकी स्वच्छ. तिने सांगितलं की उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यालगत गंधकाचा नियम अजून कडक आहे, २०१५ पासून ०.१ टक्का. त्यामुळे बरीच जहाजं तिथे डिझेलसारखं हलकं तेल जाळतात. भूमध्य समुद्रातही १ मे २०२५ पासून तोच नियम लागू झाला आहे. युरोपची क्रूझ ठरवणाऱ्यांनी ध्यानात ठेवा, आधीच्या लोकांनी सांगितलेल्या गोष्टी आता तशाच असतील असं नाही.

महालातून

एवढं सगळं वाचून आमची आई म्हणाली, तान्ह्या पोळ्याला पीडा घेऊन जाणाऱ्या पिवळ्या मारबतीचा पुतळा निघेल तेव्हा ओरडायचं, "जहाजाची काजळी घेऊन जा गे मारबत!" मी म्हटलं आई, आधी तिकीट तर काढू दे.

बेसाहून

आम्ही दिवाळीनंतर जाणार आहोत. सोबत बाबा, त्यांना दमा आहे. एजंट म्हणतो गॅरंटी केबिन घ्या, स्वस्त पडते. घ्यावी का? आणि रोज गॅलरी पुसायला आपणच काही न्यावं का?

मनीषनगरहून

गॅरंटी केबिन म्हणजे खोलीचा प्रकार नक्की, जागा नक्की नाही. ती ऐनवेळी ते देतील ती. बाबांना दमा असेल तर ती बचत करू नका. जहाजाचा डेक-प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, मागवा, धुराडं कुठे आहे ते बघा, आणि त्याच्या पुढची, मधल्या भागातली, मधल्या किंवा खालच्या मजल्यावरची खोली नंबरासकट घ्या. बंदर सोडताना आणि पहाटे गॅलरीचं दार लावून ठेवा. तसंही दार उघडं ठेवलं तर खोलीचा एसी नीट चालत नाही. इन्हेलर हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही. मोठ्या बॅगा चढताना काढून घेतात आणि खोलीत यायला संध्याकाळ होते.

न्यायचंच तर रंगकामाचा एक मऊ ब्रश, चार इंची, कोरडा. बाकी केबिनवाल्याला पहिल्याच दिवशी नावाने हाक मारून सांगून ठेवा की सकाळी गॅलरी तेवढी बघशील.

धंतोलीहून

आणि पांढरं काही नेऊच नका. फोटोसाठी न्याल, कळतंय मला, तर तेवढ्यापुरतं घाला आणि खुर्चीवर आधी टॉवेल टाका. तो टॉवेल जहाजाचा.