मदत हवी आहे : १५ एचपी स्क्रू कॉम्प्रेसर, साधा घ्यावा की व्हीएफडीवाला (हवेच्या गरजेप्रमाणे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा)?

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. ४ व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशीन), २ सीएनसी लेथ आणि पोरांच्या हातात कायम एअर गन. सध्याचा १० एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर दिवसभर धापा टाकतोय, तरी टूल चेंजला लो प्रेशरचा अलार्म येतोच. त्यात पावसाळा. परवा एफआरएलचा (हवेच्या लाइनवरचा फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर) बाऊल उघडला तर आत ताकासारखं पांढरं तेल-पाणी.

माझा हिशोब असा: ७ बार दाबाला एचपीमागे साधारण ४ सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), म्हणजे १५ एचपीत ६०च्या आसपास. मला दिवसा ४५ लागतात. पण रात्रपाळीला दोनच मशीन असतात. तेव्हा साधा स्क्रू अनलोडवर, म्हणजे हवा न भरता नुसताच फिरत फुकट वीज खाणार. व्हीएफडीचं कोटेशन मात्र लाखाच्या वर जास्त आहे.

एक सेल्सवाला १० बारचंच मॉडेल घ्या म्हणून मागे लागलाय. आमच्या मशीनना ६ बार पुरतात. एकेक बार वाढला की वीजही ६-७ टक्क्यांनी वाढते, मग कशाला?

(रविवारी सगळं बंद ठेवून टाकी भरून पाहिली, २० मिनिटांत ७चे ४ बार! आधी गळती काढतोय, ओरडू नका.)

ज्यांनी व्हीएफडी ३-४ वर्षं वापरलाय, त्यांनी सांगा: फाउंड्रीशेजारच्या धुळीत ड्राइव्हचं कार्ड टिकतं का? आणि हवेतलं पाणी काढणारा रेफ्रिजरेटेड ड्रायर टाकीच्या आधी बसवलात की नंतर?