मदत हवी आहे : विहिरींची पातळी खरंच खालावतेय का, हे स्वसहसंबंधामुळे (एका वर्षाची पातळी आधीच्या वर्षावर अवलंबून असल्यामुळे) ठरवता येत नाहीये

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या निरीक्षण विहिरींच्या मे महिन्यातल्या पाणीपातळीवर प्रबंधाचं काम चालू आहे. बहुतेक विहिरींची ४० वर्षांची नोंद आहे. मालिकेत सतत चढ किंवा उतार आहे का हे तपासणारी मान-केंडल चाचणी सरळ लावली, तर निम्म्याहून जास्त विहिरींत ०.०५ या पातळीवर घसरण 'लक्षणीय', म्हणजे निव्वळ योगायोगाची नसावी अशी, निघते. गाइड खूश, मी नाही.

ही चाचणी दरवर्षीचं निरीक्षण स्वतंत्र धरते. पण कमी पावसाच्या वर्षानंतर विहीर पुढच्या मे महिन्यातही पूर्ण सावरत नाही. कल काढून टाकल्यावरही लागोपाठच्या वर्षांतला सहसंबंध ०.६ च्या आसपास राहतो. सरासरीसाठीचं n(१−r)/(१+r) हे ढोबळ सूत्र (n म्हणजे वर्षं, r म्हणजे हा सहसंबंध) लावलं, तर ४० वर्षांची किंमत १० वर्षांइतकीच उरते!

प्रीव्हाइटनिंग केलं, म्हणजे चाचणीआधीच आधीच्या वर्षाचा प्रभाव वजा केला, तर खरा कलही थोडा धुऊन जातो. आधी कल काढून प्रीव्हाइटनिंग केलं, तर खोटे 'लक्षणीय' वाढतात अशी टीका वाचली. हमेद आणि राव यांची १९९८ ची व्हेरिअन्स-दुरुस्ती (सहसंबंध धरून चाचणीतला पसारा वाढवून घेणं) बरी वाटते, पण एवढ्या छोट्या मालिकेत सहसंबंधाचे अंदाजच डळमळीत.

दुसरं दुखणं जागेचं. २०१२ किंवा २०१५ सारख्या दुष्काळात सगळ्याच विहिरी एकदम खाली जातात. मग 'इतक्या विहिरींत घसरण' या आकड्याला पुरावा म्हणून किती वजन द्यायचं? ब्लॉक बूटस्ट्रॅप (लागोपाठच्या वर्षांचे गट यादृच्छिकपणे उचलून पुन्हा पुन्हा नवी मालिका बनवणं) करावा, तर ब्लॉक किती वर्षांचा?

प्रतिसाद :

प्रीव्हाइटनिंगचा नाद सोडा. आधी पाऊस चलपद म्हणून, म्हणजे पातळी ठरवणारा एक घटक म्हणून, मॉडेलमध्ये घाला, बराचसा सहसंबंध तिथेच मिटेल. शिवाय तुमचा प्रश्न उपशाचा असेल तर पाऊस वेगळा काढावाच लागेल.

मग कल वजा करून रेसिड्युअलचे (मॉडेलनंतर उरलेल्या फरकांचे) ब्लॉक उचला. मात्र वर्षांचे ब्लॉक सगळ्या विहिरींसाठी एकच ठेवा. म्हणजे २०१२ साल अख्खं एकत्र हलेल आणि विहिरींमधलं नातं आपोआप टिकेल. 'किती विहिरी लक्षणीय' हा आकडा प्रत्येक फेरीत मोजा आणि तुमचा आकडा त्या वितरणात कुठे बसतो ते पाहा. ब्लॉक ३ ते ६ वर्षांचे घेऊन बघा. उत्तर लांबीनुसार उलटसुलट होत असेल तर तसंच लिहा. एवढ्या कमी वर्षांत ही पद्धत पसारा कमीच दाखवते, तेव्हा काठावरच्या, म्हणजे ०.०५ च्या जेमतेम खालच्या, पी-मूल्यांवर (खरा कल नसताना असा निकाल दिसण्याच्या शक्यतेवर) उड्या मारू नका.

आणि एक विचारायचं राहिलं : विहीर कोरडी पडली त्या वर्षी नोंदीत रकाना रिकामा आहे की विहिरीची खोली लिहिली आहे? सगळ्यात वाईट वर्षंच गाळली गेली असतील, तर वरचं सगळं नंतर बघू.