इंग्लंडच्या खेड्यांतून रोड बाइक: अरुंद लेन बऱ्या की बी-रस्ते?

पिवळी_रेघ

इंग्लंडमध्ये नव्याने रोड बाइक घेणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "पातळ टायर आहेत, बी-रस्त्यानेच जा, लेनमध्ये शिरू नका." (बी-रस्ते म्हणजे मुख्य ए-रस्त्यांच्या खालोखालचे दुय्यम रस्ते, लेन म्हणजे खेड्यांमधले अरुंद छोटे रस्ते.) मला तो मुळातच पटत नाही.

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:५०,००० लँडरेंजर नकाशावर पिवळे रस्ते दोन जाडीचे असतात. जाड पिवळा साधारण ४ मीटरपेक्षा रुंद, बारीक पिवळा त्याहून अरुंद. खेड्यांतला मार्ग या पिवळ्यांवरच आखावा. तपकिरी रंगाचा बी-रस्ता फक्त दोन लेन जोडण्यापुरता वापरावा.

उदाहरण कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागाचं. किंगहॅम स्टेशनला उतरा. तिथून ब्लेडिंग्टन, आयकॉम्ब, ए४२४ ओलांडून विक रिसिंग्टन, बोर्टन-ऑन-द-वॉटर, लोअर आणि अपर स्लॉटर, नॉनटन, गायटिंग पॉवर, टेम्पल गायटिंग, फोर्ड, कट्सडीन, टॅडिंग्टन, स्नोशिल, चिपिंग कॅम्डन, ब्लॉकली आणि शेवटी मोरटन-इन-मार्श. सुमारे ६० किलोमीटर होतात. दोन्ही स्टेशनं ऑक्सफर्ड-वुस्टर मार्गावरच आहेत, त्यामुळे गाडीपाशी परत यायची कटकट नाही. ट्रेनमध्ये सायकलची जागा मात्र आधी राखून ठेवा. बी-रस्ता लागतो तो मुख्यतः ब्लेडिंग्टनपर्यंत, नॉनटनच्या अलीकडे बी४०६८वर आणि फोर्डला बी४०७७वर थोडासा.

लेनमध्ये वाहनं कमी असतात कारण ती कुठे पोचवत नाही. ज्याचं तिथे घर किंवा शेत आहे तोच येतो. बी-रस्त्यावर गावाबाहेर ताशी ६० मैलांची मर्यादा असते आणि लोक तेवढ्या वेगाने जातातही. तुम्ही २७ किलोमीटरने जाताय, मागची गाडी ९६ने येतेय. वळणावर तिने ओव्हरटेक करायचं ठरवलं तर तुमच्या हातात काहीच उरत नाही.

डावी_कड

धाग्याशी साफ असहमत, आणि कारण वेगाचंच आहे.

तुमच्या त्या बारीक पिवळ्या लेनवरही मर्यादा ६०चीच असते. गावाची हद्द संपली की पांढऱ्या गोलातली काळी तिरकी पट्टी दिसते, तिचा अर्थ तोच. सगळे तेवढ्या वेगाने जात नाहीत, पण तिथलाच रहिवासी, ज्याला वळण न् वळण पाठ आहे, तो ताशी ४० मैलांनी सहज येतो. लेन ३ मीटर रुंद. गाडी आरशांसकट २ मीटर, सायकलस्वार अर्धा मीटरच्या वर. ट्रॅक्टर आला तर तोच अडीच मीटरचा. दोन्ही बाजूंना दीड-दोन मीटर उंच हेज, म्हणजे झुडपांचं कुंपण, पुढचं २५ मीटरही दिसत नाही.

आता ब्रेकचा हिशोब करा. ओल्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरला एका सेकंदाची प्रतिक्रिया धरली तर थांबायला साधारण २० मीटर लागतात. उतारावर ४५ झालात की तेच ४० मीटरच्या घरात जातं. एकपदरी रस्त्यावर समोरचाही थांबायला अंतर मागतोच, म्हणून दिसतं त्याच्या निम्म्या अंतरात थांबता आलं पाहिजे. म्हणजे स्नोशिलहून उतरताना सतत ब्रेक धरून १५-१८ने जायचं. मग रोड बाइक कशाला घेतली?

शिवाय पृष्ठभाग. मधोमध गवताची पट्टी, कडेला खडी, वळणावर शेतातून वाहून आलेला चिखल. काउंटीचा पैसा आधी ए आणि बी-रस्त्यांना जातो, लेनची पाहणी क्वचित होते. बी४०७७सारख्या रस्त्यावर दोन पदर आहेत, मधली पांढरी रेघ आहे, आणि मागून येणाऱ्याला तुम्ही लांबून दिसता.

आकडेवाला

दोघंही रस्त्याच्या अक्षरावर भांडताय. बी हे अक्षर किती गाड्या जातात ते सांगत नाही.

ब्रिटनच्या वाहतूक खात्याच्या वाहन-मोजणीचे आकडे संकेतस्थळावर नकाशासकट खुले आहेत. मोजणीच्या ठिकाणावर क्लिक केलं की दिवसाची सरासरी मिळते, त्यात जड वाहनं वेगळी दाखवलेली असतात. लहान रस्त्यांपैकी निवडक ठिकाणीच मोजणी होते, पण बरेच बी-रस्ते सापडतात. माझा ठोकताळा असा: दिवसाला हजाराच्या आत गाड्या असतील तर कोणताही रस्ता चालेल. तीन हजारांपर्यंत असतील तर रविवारी सकाळी नऊच्या आत उरकायचा. त्याहून जास्त असतील तर फक्त ओलांडायचा.

दुसरं पाहायचं ते रस्त्यांच्या कामांचं. वन डॉट नेटवर्क या संकेतस्थळावर निघण्याच्या आदल्या रात्री नजर टाका. जवळचा ए-रस्ता बंद असला की सॅटनॅव्ह (गाडीतलं वाट दाखवणारं यंत्र) ती सगळी वाहतूक याच शांत लेनमध्ये ढकलतो, डिलिव्हरी व्हॅनसकट. नकाशावरची बारीक पिवळी रेघ त्या दिवशी बी-रस्त्यापेक्षा वाईट.

सफोककर

चर्चा कॉट्सवोल्ड्सपुरतीच चालली आहे. लेन कशी आहे हे जमिनीवर ठरतं.

सफोकमध्ये लॅव्हनम, मंक्स एली, चेल्सवर्थ, बिल्डस्टन, कर्झी या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी हेज ठेंगणी किंवा नाहीतच, शेतापलीकडून येणारी गाडी आधीच दिसते. इथे लेनला पर्याय नाही, पिवळी_रेघ यांच्याशी शंभर टक्के सहमत. धोका निराळाच आहे. रस्ते शेतांच्या बांधावरून काटकोनात वळतात, आणि शरदापासून हिवाळाभर साखरबीटची काढणी चालू असली की नेमका त्या काटकोनात चिकणमातीचा थर बसतो. पावसाने तो साबणासारखा होतो. वळणाआधीच सरळ रेषेत वेग कमी करा, वळणात ब्रेकला हात नको. कर्झीच्या मुख्य रस्त्यावर ओढा आडवा वाहतो. तळाला शेवाळ धरतं, तेव्हा पाण्यात शिरू नका, शेजारच्या पादचारी पुलावरून सायकल हातात धरून न्या.

उलट डेव्हनमध्ये मी डावी_कड यांच्या बाजूने. तिथल्या लेनला हेज नाही, मातीचा आणि दगडांचा बांध असतो, त्यावर झाडी. बाजूला सरकायला वीतभर जागा नसते. नकाशावर एक बाण म्हणजे १४ ते २० टक्के चढ, दोन बाण म्हणजे त्याहून तीव्र. दोन बाणांचा उतार एकपदरी लेनवर असेल तर मार्ग बदला, मग बी-रस्ता पाच किलोमीटर लांबचा का पडेना.

नवा_सदस्य_लेस्टर

एक शंका. नॅशनल सायकल नेटवर्कच्या निळ्या पाट्या आणि त्यावरचे लाल आकडे आहेतच की. त्यांच्या मागे गेलं तर हा वाद उरतोच कुठे?

डावी_कड

@नवा_सदस्य_लेस्टर, ते जाळं रोड बाइक डोळ्यांपुढे ठेवून आखलेलं नाही. मार्ग ५ स्ट्रॅटफर्डपासून लाँग मार्स्टनपर्यंत जुन्या रेल्वेमार्गावरून जातो, तिथे डांबर नाही, दाबलेली खडी आहे. मार्ग १चा नॉर्विचजवळचा मॅरियट्स वे शहर सोडल्यावर तसाच, पावसाळी दिवसांत चिखल. कोरड्या दिवशी २८ मिमी टायरवर दोन्ही जमतात. २०२०मध्ये हे जाळं सांभाळणाऱ्या सस्ट्रान्स या संस्थेने स्वतःच जाळ्याचा सुमारे पाव हिस्सा वगळला किंवा त्याचा दर्जा बदलला, त्यात रहदारीचे रस्ते बरेच होते. म्हणून जुन्या पाटीवर किंवा जुन्या नकाशावर विसंबू नका. आणि पायवाटेवर सायकल चालवायची नाही. ब्रायडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांसाठीच्या वाटेवर, १९६८च्या कायद्यापासून परवानगी आहे, पण तिथे चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची.

पिवळी_रेघ

@डावी_कड, थांबण्याच्या अंतराचा हिशोब बरोबर आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. लेनमध्ये १८ने उतरायचं तर उतरा. रोड बाइकचा फायदा उतारापेक्षा हलकेपणात आणि गिअरमध्ये आहे. पुढे ५०/३४, मागे ११-३४ दात्यांची चक्रं असतील तर १५ टक्क्यांच्या चढावर बसून जाता येतं.

तुम्ही 'दिसणं' म्हणता, पण हायवे कोडचा (ब्रिटनच्या रस्ते-नियमांच्या पुस्तिकेचा) नियम ७२ लेनसाठीच उपयोगाचा आहे: शांत रस्त्यावर पदराच्या मधोमध चालवा, मागून वेगाने कोणी आलं तर सुरक्षित असेल तेव्हा डावीकडे सरका. हेजला चिकटून चाललात तर वळणावर समोरच्याला तुम्ही सर्वांत उशिरा दिसता. बी-रस्त्यावर हेच मधोमध चालणं टिकवून पाहा, मागे पाच गाड्या साचतात आणि पहिल्याच संधीला पाचही जण पुढे काढतात. किमान दीड मीटर, आणि ताशी ३० मैलांपेक्षा जास्त वेगाला त्याहूनही अधिक, अंतर ठेवायचा सल्ला २०२२च्या बदलांपासून हायवे कोडमध्ये स्पष्ट लिहिलेला आहे, पण ताशी ६० मैलांनी जाणारी मोटार तो पाळेलच याची हमी कोण देणार? लेनमध्ये तिला जागाच नसते, पासिंग प्लेस (पुढे जाऊ देण्यासाठी रुंद केलेली जागा) येईपर्यंत मागे राहावंच लागतं.

आणि बी४०७७ चांगलं उदाहरण नाही. उन्हाळ्यातल्या रविवारी तिथे मोटारसायकलींची रीघ असते.

२८_मिमी

काट्यांचा मुद्दा राहून गेला. १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात शेतकऱ्यांना हेज छाटायला मनाई आहे. त्यामुळे सप्टेंबरपासून ट्रॅक्टरला लावलेली यंत्रं निघतात आणि हॉथॉर्न-ब्लॅकथॉर्न या काटेरी झुडपांचे तुकडे लेनभर विखुरतात. तेव्हा २५ मिमी टायर घरीच ठेवा. २८ ते ३२ मिमी ट्यूबलेस, प्रत्येकात ४० ते ५० मिलि सीलंट (छिद्र बुजवणारा द्रव), दर तीन-चार महिन्यांनी भर. ७५ किलोच्या स्वाराला ३२ मिमीमध्ये ५५ पीएसआयच्या आसपास हवा पुरते.

ट्यूब वापरत असाल तर पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून कापड फिरवा. ब्लॅकथॉर्नचं टोक आत मोडून राहतं, बोटाला लागत नाही, कापड अडकतं. ते न काढता निघालात तर दुसरी ट्यूब दहा मिनिटांत जाते.

सफोककर

घोड्यांचंही सांगा कुणीतरी. लेनमध्ये भेटतातच. मागून अचानक घंटा वाजवली की घोडा बिथरतो, लांबून आवाज द्या, स्वार खूण करेल तेव्हा उजवीकडून, हळू, दोन मीटर सोडून पुढे जा. डावीकडून कधीच नाही.

डावी_कड

मान्य, सफोकसाठी लेन. कॉट्सवोल्ड्ससाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी माझं मत कायम. मीठ टाकणारी गाडी बारीक पिवळ्या रेघेवर येत नाही. त्यात चुनखडीच्या डोंगरातून झरपणारं पाणी रस्त्यावरून वाहतं आणि झाडांच्या सावलीत दुपारपर्यंत बर्फ धरून राहतं. रात्री पारा ३ अंशांखाली गेला असेल तर नॉनटन आणि गायटिंग पॉवरच्या खोऱ्यात उतरू नका.

पिवळी_रेघ

हिवाळ्यापुरतं जुळलं. वरच्या मार्गात तेव्हा एवढा बदल करा: बोर्टनहून स्लॉटरकडे न वळता ब्लेडिंग्टनलाच परत फिरा, आयकॉम्बचा चढ सकाळी दहानंतर घ्या. ए४२४ दोन्ही वेळा ओलांडावा लागतो, तिथे थांबून दोन्हीकडे पाहा, माथ्यावर गाड्या वेगात असतात. आणि उन्हाळ्यात पूर्ण मार्ग करणाऱ्यांनी स्नोशिल आणि कॅम्डनच्या मधल्या फिश हिलच्या माथ्यावर ए४४ ओलांडताना सायकलवरून उतरून, चालत जावं. जेवायला पबमध्ये थांबणार असाल तर दीडच्या आत पोचा, बऱ्याच गावांत स्वयंपाकघर अडीचला बंद होऊन सहाला उघडतं.

डावी_कड

फिश हिलला उतरून चालत जावं लागतं, म्हणजे तुमचा मार्गही मोठ्या रस्त्यापासून सुटलेला नाही. मी तिथून कॅम्डनला जाण्याऐवजी स्नोशिलहून ब्रॉडवेत उतरायला सांगेन. ब्रॉडवेहून विलर्सी आणि पुढे हनीबोर्न स्टेशन. लाइन तीच, आणि फिश हिलच्या माथ्यावर ए४४ ओलांडणं टळतं.