'नटीला तिरंगा आणि जवानाला दोन ओळी' : हा फॉरवर्ड पाठवणाऱ्यांना उत्तर

माणदेशी

कुणी मोठा कलाकार गेला की तो फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. परवा गावच्या ग्रुपवर पुन्हा आला. एका बाजूला २०१८ मधली श्रीदेवींची तिरंग्यातली अंत्ययात्रा, दुसऱ्या बाजूला बर्फात उभा जवान आणि खाली मजकूर : "नटी गेली तर तीन दिवस टीव्ही रडतो. सीमेवर पोरगा गेला तर आतल्या पानावर दोन ओळी. लाज वाटत असेल तर पुढे पाठवा." ग्रुपवर चार ओळींत भागणारं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

जवानाला कुणी रडत नाही, हे धादांत खोटं आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये कर्नल संतोष महाडिकांचं पार्थिव साताऱ्याजवळ पोगरवाडीला आलं, ऑगस्ट २०१८ मध्ये मेजर कौस्तुभ राणे यांचं मीरा रोडला, पुलवामानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात दोघांचं. तिन्ही ठिकाणची गर्दी आठवा. मीरा रोड तर फ्लॅटवाल्यांचं शहर, शेजारच्या दारावरचं नाव माहीत नसणाऱ्यांचं. तरी रस्ता मावत नव्हता. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात पार्थिव यायच्या दिवशी बाजारपेठ बंद करा असं कुणाला सांगावं लागत नाही. शाळेची पोरं सकाळपासून रस्त्याच्या दुतर्फा उभी असतात.

आणि लताबाई गेल्यावर लोक रडले, त्यात जवानाचं काय कमी झालं? जो आवाज सत्तर वर्षं घराघरात होता तो थांबल्यावर माणूस हळवा होणारच. दुःखाचा काही कोटा ठरलेला नाही, की इकडे जास्त वाढलं म्हणून तिकडे कमी पडावं.

जवानाच्या घरी कमी पडतं ते चौथ्या महिन्यात. गर्दी पांगलेली असते, बॅनर उतरलेले असतात आणि कागद अडकलेले असतात. त्याबद्दल त्या फॉरवर्डमध्ये एक अक्षर नाही.

सडेतोड

माणदेशी, लोकांनी रडावं, माझी हरकत नाही. पण तिरंगा लोक घालत नाहीत, सरकार घालतं. दोन्ही गोष्टी एकत्र कालवू नका.

राष्ट्रीय प्रतिष्ठेचा अवमान प्रतिबंध अधिनियम, १९७१ वाचा. पार्थिवावर राष्ट्रध्वज घालायची मुभा फक्त शासकीय, सैनिकी आणि निमलष्करी अंत्यसंस्कारांत आहे. बाकी कुणी घातला तर तो अवमान, तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे सारा खेळ 'शासकीय इतमाम' या दोन शब्दांवर, आणि ते कुणाला द्यायचे याचा लेखी निकष कुठे आहे? श्रीदेवींच्या वेळी माहिती अधिकारात उत्तर मिळालं की मुख्यमंत्री कार्यालयाकडून तोंडी सूचना आली होती. त्यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली होती हे खरं, पण पद्म पुरस्काराबरोबर शासकीय अंत्यसंस्काराचा हक्क मिळत नाही. जवानाला तो ध्वज मिळतो नियमाने, नटाला मिळतो फोनवर. मला खुपतं ते हे.

श्रीदेवी गेल्या त्याच महिन्यात, १० फेब्रुवारी २०१८ ला, जम्मूत सुंजवानच्या छावणीवर हल्ला होऊन जवान गेले होते. दोन आठवड्यांनी वाहिन्या, श्रीदेवी बाथटबमध्ये बुडून गेल्या म्हणून, स्टुडिओत बाथटब दाखवत बसल्या होत्या. फॉरवर्ड लिहिणाऱ्याची भाषा वाईट असेल, पण त्याला राग यायला कारण होतं.

निशिगंध

बाथटब दाखवणं किळसवाणंच होतं. पण तो त्या बाईंचाही अपमान होता. त्याचा हिशेब त्यांच्याच नावावर कशाला?

आणि कलाकार विरुद्ध जवान अशी भिंत घालणाऱ्यांना एवढंच सांगते : चीन युद्धानंतर, २७ जानेवारी १९६३ ला, दिल्लीत शहिदांसाठी लता मंगेशकर 'ऐ मेरे वतन के लोगों' गायल्या आणि आजही प्रत्येक गावात जवानाच्या अंत्ययात्रेत तेच गाणं लागतं. भारतरत्न मिळालेल्या माणसासाठी केंद्राने दोन दिवस राष्ट्रीय दुखवटा पाळला तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

सडेतोड

लताबाईंबद्दल मी एक शब्द काढलेला नाही. त्यांचा दुखवटा केंद्राने रीतसर जाहीर केला होता. ध्वजसंहितेत ध्वज अर्ध्यावर उतरवायची यादी आहे : राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान गेले तर देशभर, राज्यपाल-मुख्यमंत्री गेले तर त्या राज्यात, आणि इतर मान्यवरांसाठी गृह मंत्रालयाने खास सूचना काढायची. त्यांच्यासाठी तशी निघाली. माझा मुद्दा तोंडी आदेशाचा आहे. न वाचता अंगावर येऊ नका.

बेळगावकर

तिरंगा कुणाला द्यायचा यावर भांडताय, पण जवानाच्या पार्थिवावरचा तिरंगा तरी गावात नीट हाताळला जातो का, तेही बघा.

केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला. ध्वज कबरीत उतरवायचा नाही, चितेत जाळायचा नाही. पुष्पचक्रं पायथ्याशी ठेवायची, ध्वजावर हारांचा ढीग करायचा नाही. मानवंदना, बंदुकीच्या फैरी, बिगुलावर लास्ट पोस्ट, आणि अग्नी द्यायच्या आधी ध्वज काढून घडी घालून घरच्यांच्या हाती. घडीही ठरलेली आहे : ध्वज आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी मध्याकडे असा आणायचा की वर फक्त अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडा भाग दिसेल. मग दोन्ही तळव्यांवर आडवा घेऊन द्यायचा.

बिघडतं कुठे? तुकडी आपलं काम चोख करते. बिघडतं ते भोवतीच्या रेट्यात. कुणाला खांदा द्यायचा असतो, कुणाला फोटो हवा असतो. चौथऱ्याभोवती जागा न उरल्याने तुकडीला रांग धरता येत नाही. मंत्री येणार म्हणून पेटी तासन्‌तास उन्हात. सर्वांत वाईट म्हणजे पेटी उघडायचा हट्ट. पार्थिव कोणत्या स्थितीत आहे हे युनिटमधून सोबत आलेल्या सुभेदाराला माहीत असतं. तो बंद ठेवा म्हणतो तेव्हा त्यामागे कारण असतं आणि ते तो आईसमोर बोलू शकत नाही. गावच्या पुढाऱ्यांनी अशा वेळी त्याच्या बाजूने उभं राहायला हवं. उलट तेच 'दर्शन झालंच पाहिजे' म्हणून ओरडतात.

वऱ्हाडी

माणदेशींनी बुलढाण्याचं नाव घेतलं म्हणून लिहितो. पुलवामात गेलेले चाळीसही सीआरपीएफचे होते. तुम्ही सगळे 'जवान' म्हणता आणि डोळ्यांसमोर फक्त लष्कर आणता.

सीआरपीएफ, बीएसएफ गृह मंत्रालयाखाली. १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेले नव्या पेन्शन योजनेत टाकले गेले. लष्कराच्या माजी सैनिकाला असलेली ईसीएचएसची वैद्यकीय सोय यांना नाही. गोळी तीच, पेटी तीच, ध्वज तोच. नटाला तिरंगा दिला म्हणून चिडणाऱ्यांनी या फरकावर किती पोस्टी लिहिल्या ते सांगावं.

आणि पैसे द्यायचेच असतील तर २०१७ पासून 'भारत के वीर' पोर्टल आहे. एका कुटुंबाच्या खात्याला १५ लाखांची मर्यादा आहे. ती गाठली की दात्याला रक्कम कमी करायला किंवा दुसऱ्या खात्याकडे वळवायला सांगतात. गाजलेल्या हल्ल्यातली खाती पटापट भरतात. छत्तीसगडमध्ये सुरुंगात एकटा गेलेला शिपाई मागे राहतो. देणाऱ्याने त्याचं खातं शोधावं नाहीतर सामाईक निधीत टाकावं.

कृष्णाकाठ

माणदेशींनी 'चौथा महिना' म्हटलं आणि तिथेच सोडलं. मी पुढचं सांगतो, कारण घरं तिथेच मोडतात.

मृत्यूची नोंद 'बॅटल कॅज्युअल्टी' (लढाईतला मृत्यू) होते की 'फिजिकल कॅज्युअल्टी' (अपघात, आजार अशा इतर कारणाने), यावर पुढचं सगळं ठरतं. अतिरेक्यांशी चकमक, सीमेवरचा गोळीबार, अधिसूचित मोहीम यांत गेला तर उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन, म्हणजे शेवटच्या पगाराइतकं. ड्युटीवर अपघातात गेला तर विशेष कुटुंब निवृत्तिवेतन, ६० टक्के. सेवेशी संबंध नाही असं ठरलं तर साधं : पहिली दहा वर्षं ५० टक्के, मग ३०. पगार ४० हजार धरा : ४०, २४ आणि शेवटी १२ हजार, वर महागाई भत्ता. केंद्राचं सानुग्रह अनुदानही असंच पायऱ्यांचं आहे : ड्युटीवरचा अपघात किंवा अतिरेकी हल्ला २५ लाख, सीमेवरची चकमक ३५, युद्धात शत्रूच्या कारवाईत ४५.

आता मधले प्रसंग घ्या. नियंत्रण रेषेजवळ गस्तीवर जाताना गाडी दरीत गेली. उंचावरच्या चौकीत हृदय बंद पडलं. इथे चौकशी अहवालातलं एकेक वाक्य महत्त्वाचं. गस्त कोणत्या मोहिमेखाली होती हे त्यात नसेल तर वर्गवारी खाली घसरते. मग दाद मागायला सशस्त्र सेना न्यायाधिकरण, मुंबईत त्याचं खंडपीठ आहे. तिथे वर्षं जातात.

दुसरी अडचण पार्ट टू ऑर्डरची, म्हणजे लग्न, मूल अशा घरच्या बदलांची सर्व्हिस रेकॉर्डमध्ये होणाऱ्या अधिकृत नोंदीची. लग्न झालं, मूल झालं, पण सुट्टी संपली आणि नोंद करायची राहिली. रेकॉर्ड ऑफिसच्या लेखी तो अविवाहितच. बायकोचं नाव आधारवर एक, लग्नाच्या दाखल्यावर दुसरं, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये तिसरं. मग प्रतिज्ञापत्रं, ग्रामपंचायतीचा दाखला, तहसीलदाराची सही. पेन्शनची 'स्पर्श' ही ऑनलाइन प्रणाली आल्यापासून नावातलं एक अक्षर जुळलं नाही तरी प्रकरण परत येतं.

सडेतोड

माहिती चांगली आहे, पण धागा तिरंग्यावर होता. आता पेन्शनवरच आलात तर हेही लिहा की पैसे सुनेला मिळतात, ती दोन वर्षांत दुसरं लग्न करून निघून जाते आणि म्हातारे आईबाप हात चोळत बसतात.

निशिगंध

हे वाक्य मागे घ्या. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीने आयुष्यभर फोटोला हार घालत बसायचं का? शौर्यपदकाचा मासिक भत्ता पुनर्विवाहानंतर सुरू राहायचा असेल तर तिने दिराशीच लग्न करायचं, अशी अट होती. ती रद्द झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये! म्हणजे इतकी वर्षं सरकारही तुमच्यासारखंच बोलत होतं. चौकात 'वीरनारी' म्हणून शाल द्यायची आणि घरात तिच्या पासबुकावर डोळा ठेवायचा, हे किती घरांत चालतं ते सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

सडेतोड

मी आईबापांची बाजू मांडली, तुम्ही मला थेट आरोपी केलंत. सत्तरीतल्या म्हाताऱ्याचा मुलगा गेला त्याचं दुःख कमी का?

कृष्णाकाठ

दोघंही थांबा. हे भांडण नियमांनी बरंच कमी होऊ शकतं.

पेन्शन पत्नीची, यात बदल नाही. विम्याची रक्कम मात्र नामनिर्देशनाप्रमाणे जाते आणि त्यात टक्केवारी टाकता येते. जवानाने हयातीत पत्नी इतके, आई इतके, वडील इतके असं लिहून ठेवलं तर पुढे कुणाला कुणाच्या दारात जावं लागत नाही. गोंधळ होतो तो भरतीच्या वेळी वडिलांचं नाव घातलेलं असतं आणि लग्नानंतर ते कुणी बदलत नाही म्हणून. मग पत्नी उपाशी. किंवा घाईत शंभर टक्के पत्नीचं होतं, मग आईबाप उपाशी. 'नेक्स्ट ऑफ किन' (सर्वांत जवळचा नातेवाईक) म्हणून नोंदलेला आणि विम्याचा नॉमिनी यांत फरक असतो, हेही घरी कुणाला माहीत नसतं.

अविवाहित जवान लढाईत गेला तर आईवडील दोघांना मिळून उदारीकृत पेन्शनच्या ७५ टक्के, एकच हयात असेल तर ६०. त्यासाठी त्यांनी गरिबी सिद्ध करायची गरज नाही. कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला तर हे ठामपणे सांगा.

बेळगावकर

चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांचंही लिहा. विमा ४८ लाख, सेवेमुळे मृत्यू झाला तर ४४ लाख सानुग्रह, शिवाय उरलेल्या सेवाकाळाचा पगार आणि सेवानिधी (सेवेअखेरीस मिळणारी साठलेली रक्कम). पण कुटुंब निवृत्तिवेतन नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला गेलेला अग्निवीर बुलढाणा जिल्ह्यातलाच होता. एकाच खंदकात शेजारी उभे असलेले दोघे, एकाच्या घरी दरमहा पेन्शन आणि दुसऱ्याच्या घरी एकरकमी चेक. ती रक्कम एकवीस वर्षांच्या पोराच्या बापाच्या खात्यात पडते आणि आठवड्याभरात जमिनीचे दलाल दारात उभे राहतात.

वऱ्हाडी

हे अगदी खरं. सत्कार करणाऱ्यांनी त्या बापाला पहिल्यांदा बँकेत नेऊन मुदत ठेव करून द्यावी.

सडेतोड

निशिगंध, 'निघून जाते' हे शब्द मागे घेतो. तोंडी आदेशाने तिरंगा देणं चूक आहे, हे मात्र मागे घेत नाही. निकष लेखी करा, पद्मवाल्यांना देणार असाल तर सगळ्या पद्मवाल्यांना द्या. फॉरवर्ड कुचकामी आहे हे कबूल. त्यात पार्ट टू ऑर्डर हा शब्दसुद्धा नाही.

माणदेशी

लेखी निकषाच्या मागणीवर माझीही सही घ्या. मूळ लेखात मी ते टाळलं होतं कारण मला गर्दीबद्दल बोलायचं होतं.

एक भर घालतो. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीत पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचा स्तंभ आहे, गाव तो जपतं. बाकीच्या अनेक गावांत १९६५ आणि १९७१ ची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात २०१९ पासून स्वातंत्र्यानंतरच्या लढायांतली नावं ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. आपल्या गावचं नाव तिथे आहे का आणि बरोबर लिहिलंय का, हे ग्रामसभेने तपासावं. कृष्णाकाठ, ज्यांची मुलं आज नोकरीत आहेत त्यांनी या सुट्टीत नेमकं काय बघायचं?

कृष्णाकाठ

चार गोष्टी. लग्नाची आणि प्रत्येक मुलाची पार्ट टू ऑर्डर निघाली का, तिचा क्रमांक आणि तारीख घरी लिहून ठेवा. पत्नीचं नाव आधार, पॅन, बँक आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये अक्षरशः एकसारखं करा, आडनावासकट. विम्याचं नामनिर्देशन टक्क्यांसह नव्याने भरा आणि पोच घ्या. पतीपत्नीचं संयुक्त खातं उघडा. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मूळ कागद आणि प्रत्येकी तीन झेरॉक्स घेऊन जा. रेकॉर्ड ऑफिसला पाठवाल ते पोस्टाने पोच घेऊनच पाठवा, आणि प्रत्येक पत्रावर जवानाचा आर्मी नंबर टाका. नंबर नसलेलं पत्र कुठल्या फाइलला लागेल याचा भरवसा नसतो.