टर्बो मोठा, बाकी सगळं स्टॉक: हा कसला सल्ला?

घाटवळण
काल इथल्याच दुसऱ्या धाग्यावर एका महाशयांनी आपल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ बद्दल लिहिलं. मूळचा आयएस२० टर्बो काढून फोक्सवॅगन गोल्फ आरवाला मोठा आयएस३८ बसवला आणि ट्यून मारला, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललं. इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा), इंधनाचा हाय प्रेशर पंप, डाउनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्ट पाइप), क्लच सगळं स्टॉक, म्हणजे कंपनीचं. वर नव्या पोरांना उपदेश: "बाकीच्या खर्चात पडू नका, गॅरेजवाले उगाच घाबरवतात." डोकं फिरलं. तिथे दोन ओळी खरडून भागलं नसतं, म्हणून हा धागा.

टर्बो जागेवर बसतो हे मान्य, दोन्ही एकाच ईए८८८ इंजिनाचे. पण फोक्सवॅगनने गोल्फ आर काढताना नुसता टर्बो बदलला नव्हता. पिस्टन वेगळे, कॉम्प्रेशन ९.६ वरून ९.३ वर, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, त्यांच्या सीट आणि स्प्रिंगा, इंजेक्टर, हेडसुद्धा वेगळं. ३०० पीएससाठी खुद्द कंपनीला हे करावंसं वाटलं. आणि आपले गॅरेजवाले लॅपटॉप जोडून ३५० च्या वर नेतात, आतलं काहीही न बदलता! भारतात या गाडीचे फक्त २०० नग आले. त्यातल्या एकावर हा प्रयोग.

बूस्टबहाद्दर
तो महाशय मीच. नाव घ्यायला लाजलात का? गाडी वर्षभर रोज चालते आहे. हिंजवडीचा ट्रॅफिक, ताम्हिणी, गोवा. ईसीयूचे, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचे, लॉग काढून बघितलेत, ठिणगीचं टायमिंग मागे खेचलं जात नाही. बाहेरच्या देशांत याच इंजिनावर याच टर्बोने हजारो लोक फिरतात, त्यांचे पिस्टन काय लोण्याचे झाले?

घाटवळण
लॉग कधीचे? डिसेंबरच्या पहाटेचे असणार. एप्रिलमध्ये दुपारी दोनला सोलापूर रोडवर लागोपाठ तीनदा पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून पुल घ्या आणि मग इनटेकचं तापमान दाखवा. स्टॉक इंटरकूलर पहिल्या पुलला साथ देतो, तिसऱ्याला तोच हीटर होतो. हवा तापली की नॉक येतो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकतं, आणि ईसीयू टायमिंग मागे घेतो. मग मोठ्या टर्बोने दिलेलं सगळं परत काढून घेतलं जातं, लॅग, म्हणजे टर्बो उशिरा उठणं, मात्र तुमच्याकडेच राहतो.

म्युनिककर
इथे हा वादच होत नाही. टर्बो बदलला की टीयूव्हीकडे (गाड्या तपासणारी संस्था) जाऊन तपासून कागदावर चढवून घ्यायचा, नाहीतर गाडीचा रस्त्यावरचा परवानाच संपतो. तुमच्याकडे सगळा कारभार हवेवर.

टाकीभर
आले! म्युनिकहून ज्ञान आलं. आमच्याकडेही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, साहेब. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाही, असं जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही म्हटलंय. माझ्या मावसभावाचा क्लेम विमा कंपनीने असाच फेटाळला. धडक मागून बसली होती, टर्बोचा काडीचा संबंध नाही. सर्व्हेअरने बॉनेट उघडलं, फोटो काढले, संपलं.

पण खरा प्रश्न वेगळाच आहे. पेट्रोल कुठलं टाकता? पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) शिवाय काही मिळतं का? ती गाडी २०२० ची, ई-२० चा विचारही न करता बनलेली. माझ्या साध्या हॅचबॅकचं ॲव्हरेज पडलंय आणि हे चालले टर्बो बदलायला.

बूस्टबहाद्दर
ई-२० ने आमचं भलंच केलंय. ऑक्टेन ९५. पूर्वी साध्या पेट्रोलला ९१ मिळायचं. इथेनॉल चेंबर थंड ठेवतं, नॉक कमी. ट्यूनर लोक परदेशात मुद्दाम इथेनॉल मिसळतात.

टाकीभर
भलं तुमचं. बाकी जनतेने आठवड्याला एक खेप जास्त मारायची. एक्सपी १०० हे शंभर ऑक्टेनवालं पेट्रोल टाका म्हणाल, तर ते लिटरला दीडशेच्या वर. साखरसम्राटांची पोटं भरायला आमच्या टाक्या!

कृष्णाकाठ
थांबा जरा. साखरसम्राट म्हणताना ऊस कोण लावतो हे विसरू नका. इथेनॉलचे पैसे लवकर येतात म्हणून कारखाना एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला दर, वेळेत देतो, नाहीतर आम्ही बिलासाठी वर्ष वर्ष हेलपाटे मारलेत. आणि डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं रसापासनं इथेनॉल काढायचं एका फटक्यात बंद केलं, तेव्हा तुमच्यापैकी एक तरी बोलला का? आता तर मोठा वाटा मक्याचा. शिव्या मात्र उसाला.

टाकीभर
म्हणजे मी ॲव्हरेजबद्दल बोललो तर शेतकरीविरोधी? वा. पाणी पण ऊसच पितो ना मराठवाड्यात?

कृष्णाकाठ
मी सांगलीचा आहे, मराठवाड्याचा हिशोब मला मागू नका. आणि ३६ लाखांच्या गाडीत इंजिनाचा खेळ करणाऱ्यानं आणि त्याची बाजू घेणाऱ्यानं पाण्यावर बोलूच नये.

टाकीभर
मी कधी बाजू घेतली त्याची??

ऑरेंजसिटी
अबे टर्बोचा धागा होता ना बे हा? अन् ऑक्टाव्हियाले स्पोर्ट्स कार कोण म्हणते? डिक्कीत अख्खं लग्नाचं सामान मावते तिच्या.

पाना_नंबर_दहा
माझं गॅरेज आहे, तेव्हा मी "घाबरवणाऱ्यां"पैकीच. इथेनॉलवर भांडताय, पण दोघांच्याही ध्यानात न आलेली गोष्ट सांगतो. ई-२० ला तेवढ्याच हवेमागे साधारण सात टक्के जास्त इंधन लागतं. म्हणजे नॉक कमी होतो हे बूस्टबहाद्दरांचं बरोबर, पण स्टॉक हाय प्रेशर पंपाची जी काही शिल्लक होती ती तिथेच संपते. वर आयएस३८ जास्त हवा कोंबणार. वरच्या आरपीएमला रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरला मिळणारा इंधनाचा दाब, पडलं की मिश्रण लीन होतं, हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि लीन इंजिन बूस्टमध्ये एकदाच माफ करतं. पिस्टनची कड वितळलेली गाडी टोवर आलेली पाहिलीय मी. मालक म्हणाला, "काल तर मस्त पळत होती."

दुसरं, गिअरबॉक्स. या गाडीतल्या डीक्यू३८१ ऑटोमॅटिकची टॉर्कची मर्यादा ४२० न्यूटन मीटरच्या आसपास. मोठ्या टर्बोचा ट्यून मधल्या आरपीएमला ती सहज ओलांडतो. टॉर्क कापून घ्या, पॉवर वर राहू द्या, मग स्टॉक क्लच बराच काळ निभावतो. सगळं स्टॉक चालणारच नाही असं घाटवळण म्हणतात तेही काही खरं नाही. सौम्य ट्यून असेल तर चालतं. पण मग प्रश्न पडतो, आयएस२० वरच चांगला स्टेज वन, म्हणजे नुसता सॉफ्टवेअर ट्यून, मारला असता तर काय बिघडलं असतं? शहरात तोच आधी उठतो.

घाटवळण
मी "चालणारच नाही" कुठे म्हटलं? "बाकी खर्चात पडू नका" या उपदेशावर आक्षेप होता. वाचा नीट.

पाना_नंबर_दहा
वाचलं. "तोच हीटर होतो" हे कुणाचं वाक्य?

घाटवळण
बरं, सौम्य ट्यूनला सूट. लिहून घ्या आणि गॅरेजच्या भिंतीवर लावा.

बूस्टबहाद्दर
रेल प्रेशरचा लॉग काल रात्री काढला. वर थोडं पडतंय. थोडंच. इंटरकूलर आणि पंप मागवलेत, ते इथल्या कुणाच्या भाषणामुळे नाही, ऑफरमध्ये होते म्हणून. टर्बो आयएस३८ च राहणार.

ऑरेंजसिटी
म्हणजे आता "बाकी सगळं स्टॉक" नाही राहिलं ना राजेहो? मंग त्या पोराइले सांगा, तुमच्या धाग्यावर विचारून राहिले कोणता टर्बो घेऊ.

कृष्णाकाठ
सांगा, सांगा. आणि टाकीभर, मक्याचं उत्तर अजून आलं नाही.