मदत हवी आहे: कारमध्ये ट्वीटर (उंच स्वरांचे छोटे स्पीकर) जोडल्यापासून ‘स’ टोचतोय

हॅचबॅकच्या पुढच्या दारांतल्या कंपनीच्या ४ ओहमच्या स्पीकरना समांतर ४ ओहमचे सिल्क डोम ट्वीटर जोडलेत. वायरमध्ये ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे क्रॉसओव्हर (जिच्या वरचेच स्वर ट्वीटरकडे जातात ती सीमा) साधारण ८.५ किलोहर्ट्झला. झांजा छान खुलल्या, पण गाण्यातला प्रत्येक ‘स’ सुईसारखा टोचतो. ट्रेबल उतरवला की सगळंच गोधडीत गुंडाळल्यासारखं. दोन्ही ट्वीटरची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटून पाहिली, आरशाजवळच्या त्रिकोणातून काढून डॅशवर काचेकडे तोंड करूनही ठेवले, फरक एकोणीस-वीसचा. स्टिअरिंगवरच्या बटणांमुळे स्टिरिओ बदलायचा नाही, अ‍ॅम्प्लिफायरही नको (दुकानदाराने तीनदा सुचवून झालाय). वॉरंटीपायी मूळ वायर कापलेली नाही, कपलर वापरलाय. ट्वीटरचा आवाज थोडा उतरवायला सिरीजमध्ये रेझिस्टर टाकला तर क्रॉसओव्हरही खाली सरकेल ना? मग २ ओहमचा टाकून कपॅसिटर बदलू, की सरळ एल-पॅड (आवाज उतरवूनही ओहम तेवढेच ठेवणारी दोन रेझिस्टरची जोडणी) करू?