प्रथिनांचा घोळका: प्रतिलेखनाचे कारण की परिणाम?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)
आरएनए पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) एकटेच प्रवर्तकावर, म्हणजे जनुकाच्या सुरुवातीच्या डीएनएवर, बसते आणि डीएनए वाचत पुढे सरकते, असे चित्र मी बारावीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर काढतो. जिवंत पेशीत मात्र हे विकर घोळक्याने जमते, असे एका विद्यार्थिनीने वाचले आहे. घोळक्यामुळे प्रतिलेखन (डीएनएवरून आरएनए तयार होणे) सुरू होते, की प्रतिलेखन चालू असल्यामुळे घोळका दिसतो, या तिच्या प्रश्नावर मी निरुत्तर झालो.

उत्तर (वरूड)
सर, 2013 मध्ये जीवभौतिकशास्त्रज्ञ इब्राहिम सिसे आणि सहकाऱ्यांनी जिवंत मानवी पेशींत एकेक रेणू टिपला, तेव्हा पॉलिमरेज-दोनचे (प्रथिनांची जनुके वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेजचे) घोळके सरासरी पाचच सेकंद टिकतात, असे आढळले. लांब जनुक वाचून व्हायला कित्येक मिनिटे लागतात. म्हणजे वाचन संपण्याच्या कितीतरी आधी घोळका पांगलेला असतो, आणि म्हणून त्याचा संबंध सुरुवातीशी असावा. पुढे 2016 मध्ये याच गटाला उंदराच्या पेशींतील बीटा-ॲक्टिन जनुकावर घोळका जितका जास्त टिकेल तितके आरएनए अधिक तयार होताना दिसले. या विकराला सात अमिनो आम्लांच्या पुनरावृत्तीची शेपटी असते, यीस्टमध्ये 26 वेळा आणि माणसात 52 वेळा. तिला ठरावीक आकार नसल्यामुळे रेणू एकमेकांना हलकेच चिकटतात आणि लगेच सुटतात.

उत्तर (हिंगणघाट)
वरूडच्या मॅडमचे म्हणणे योग्य आहे, पण सोबत आढळणे म्हणजे कारण असणे नव्हे. जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) फाटकासमोर कापसाच्या गाड्यांची रांग दिसते, ती वजनकाटा जोरात चालू असल्यामुळेही असते आणि काटा बंद पडल्यामुळेही! हेक्झेनडायॉल या रसायनाने घोळके विरघळवून प्रतिलेखन घटल्याचे दाखवणारे प्रयोग मला म्हणूनच पुरेसे वाटत नाहीत, कारण ते रसायन इतर विकरांचे कामही बिघडवते. इविंग सार्कोमा या कर्करोगातील संयुक्त (दोन प्रथिनांचे भाग जोडून बनलेल्या) प्रथिनावरचे 2022 चे काम अधिक बोलके आहे: रेणूंमधील चिकटपणा प्रमाणाबाहेर वाढवल्यावर त्या प्रथिनाच्या ताब्यातील जनुकांचे प्रतिलेखन उलट मंदावले.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. पाच सेकंद आणि कित्येक मिनिटे, हे दोन आकडे उद्या फळ्यावर शेजारी-शेजारी लिहीन. काट्याचे उदाहरण तिला समजावून सांगावे लागणार नाही. तिचे वडील परवा रात्रभर गाडीसह फाटकावरच होते.